दुसरा भाग

कॅसेटवर बॉलपेननं लिहिलंय:
चि. सौ. कां. रत्नमाला, बोरखेडी.
खाली, दुसऱ्या शाईत, दुसऱ्या हातानं:
आन डाकू.

तर झालं असं,
की अनीसचा मामा, चार गावांत एकटाच शूटिंगवाला,
वांग्याची भाजी नि बुंदी चापून
निंबाखाली आडवा झाला.
कॅमेरा पोटावर. वर, खाली. वर, खाली.
अनीस म्हणे, पाय बे, कॅमेरा श्वास घेऊन राह्यला.
मग आम्ही तो श्वास उचलून
नाल्यापलीकडे नेला.

डायरेक्टर मोरेश्वर,
कारण मूर्तिजापूरच्या टॉकीजमध्ये
त्यानं दीड सिनेमा पाहिला होता.
दुसऱ्याच्या अर्ध्यात लाइन गेली,
तेव्हापासून त्याचं मत असं, की
लाइन गेली की सिनेमा संपते.

नवरदेवाची घोडी मागितली.
घोडीवाला म्हणाला, आधी बापाले पाठवा.
बंदुका तुराट्यांच्या,
रक्त होळीचं उरलेलं, पळसाचं, बाटलीत आंबलेलं.
पंचफुलेला हिरोइन कर म्हटलं
तर ती तुराटी हिसकून म्हणाली,
मी नाही रडत कोणाच्या मांग. मी सरदार होतो.
झाली. दाढी लावली कापसाची,
आणि ज्या बोकडाला पळवून न्यायचं होतं
त्यानं पहिल्याच शॉटला
ती दाढी सरकीसकट खाल्ली.

शालिकला मरायचं होतं. एवढंच काम.
तो चार वेळा मेला, चारही वेळा उठून बसला.
मुंग्या हायेत बे अठी.
जागा बदल.
तठी उन्ह हाय.
मोरेश्वर कपाळावर हात मारून ओरडला,
मेलेल्या माणसाले उन्ह लागते काय रे,
आणि शालिक, डोळे मिटून, शांतपणे:
मले लागते.

मी? मी लाइटवाला.
पाच रुपये रोजानं हॅलोजन धरणारा पोट्टा.
भर उन्हात मला काही काम नव्हतं.
हसलो. तेवढं कॅसेटमध्ये ऐकू येतं,
डाव्या बाजूनं, कोणीतरी
श्वास लागेपर्यंत हसतंय.

मग बॅटरी मेली.
ती एका झटक्यात मेली, शालिकसारखी नाही.

दिवेलागणीला बिदाई.
मामा उठला, तोंडावर पाणी मारलं,
मेलेला कॅमेरा खांद्यावर घेतला
आणि कोणाला कळू न देता
सगळी बिदाई काढत राहिला, काहीच न काढता.
जनरेटर धडधडत होतं. माझ्या हातात उजेड.
रत्नमाला आईच्या गळ्यात पडून रडली,
मग काकूच्या, मग शेजारणीच्या,
आणि मी तो उजेड हलू दिला नाही,
एकट्याला ठाऊक होतं मला
की हे कुठंच जमा होत नाहीये.

परवा दर्यापूरला इन्व्हर्टर बसवायला गेलो.
स्टुलावर चढलो, तर खालून बाई म्हणाली,
तू लाइटवाला न?
मी घाबरलो. सत्तावीस वर्षांची चोरी.
तिनं चहा ठेवला.
म्हणे, पहिल्या वर्षी लय आठवण ये माहेरची,
मंग डाकू लावत होतो.
सासूबी पाहे. बोकड आला की पदर तोंडात घे.
मी म्हटलं, तुमची बिदाई गेली न, बाई, आमच्यापायी.
ती म्हणाली,
रडनं तं मले पाठ होतं.
ते कायले पाहू?
आणि कपात साखर हलवताना, सहज:
दुसरा भाग कधी काढता?

अनीसकडं आता ड्रोन आहे.
पंचफुला दारव्हा डेपोत कंडक्टर,
बिनदाढीची, पण सगळी गाडी टरकून असते.
शालिक मागल्या पोळ्याला डीपीवरून पडला,
वाचला. सवयच नाही त्याला.
मोरेश्वर बुटीबोरीत, रात्रपाळीला.
त्याला फोन लावला, सगळं सांगितलं.
पलीकडे मशीन चालू होतं,
मग मशीन बंद झालं,
बराच वेळ काही नाही.
मला वाटलं, लाइन गेली.

मग आवाज आला:
बोकड हाय काय कोनापाशी?